मेणवलीचं कोरं ऊन

जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, सोडायचा असतो. हे वाक्य क्लासमध्ये दहा वेळा ऐकलं होतं. कळलं मात्र वाईजवळच्या घाटावर, तीन चित्रं काढल्यावर... आणि त्यातली दोन वाया घालवल्यावर!

शाळेतल्या पोस्टर कलरच्या बाटल्यांपैकी सगळ्यात आधी कुठली संपायची, आठवतंय? पांढरी! ढग काढायचे, पांढरा. निळा फिका करायचा, पांढरा. चुकून काळा सांडला, त्याच्यावर पांढरा. महिनाभरात बाटलीच्या तळाशी नुसती खरवड उरायची आणि मग शेजारच्या बाकावर 'ए, थोडा व्हाइट दे ना' अशी याचना सुरू व्हायची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येकाचं हे दुखणं आहे.

माझं दुखणं जरा वेगळंही होतं. स्मरणचित्राच्या सरावाला मी एकदा नदीकाठ काढला आणि पाण्यावरचं ऊन दाखवायला कागदाचा एक पट्टा कोराच ठेवला. आमच्या ड्रॉइंगच्या बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "कोरा कागद दिसला की मार्क गेलेच समज. भरून टाक." मी भरून टाकला. परीक्षेतही सगळा कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरला. बी ग्रेड मिळाली आणि चित्रकला सुटली ती सुटलीच.

मागच्या वर्षी पुण्यात रविवारच्या जलरंगाच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा सरांचं पहिलं वाक्य होतं, "पांढऱ्याची ट्यूब उद्यापासून घरी ठेवून यायची." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. दोन आयटीवाले, एक सीए, एक डेंटिस्ट, बँकेतून रिटायर झालेले एक काका आणि मी. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न: मग पांढरं करायचं कशानं?

"कागदानं," सर म्हणाले. "एकदा मेणवलीला जाऊ. तिथे आपोआप कळेल."

पहाटेची वाट

मेणवली म्हणजे वाईपासून तीनेक किलोमीटरवरचं कृष्णाकाठचं गाव. नाव ओळखीचं वाटत नसेल तरी घाट तुम्ही बघितलेला आहे. २००४ साली आलेल्या शाहरुखच्या 'स्वदेस'चं शूटिंग इथे झालं होतं. पुण्याहून अंतर साधारण नव्वद किलोमीटर. जलरंगवाल्यांचा नियम असा, की ऊन कोवळं असताना पोचायचं. त्यामुळे पहाटे पाचला स्वारगेटला गोळा व्हायचं, डोळे चोळत कात्रजचा बोगदा ओलांडायचा, शिरवळला चहा मारायचा, खंबाटकी पार केला की सुरूर फाट्याला वाईकडे वळायचं. रविवारी एवढ्या पहाटे उठायची सवय नसलेला आमचा सीए मित्र सगळी वाट झोपेत होता. त्याला थेट वाईतच जाग आली, गरम पोह्यांच्या वासानं.

वाईत ढोल्या गणपतीला हात जोडले. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ कृष्णेच्या पाण्यालगत उभं आहे. मग मेणवली. गाव तसं छोटं. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्यामागे नदीकडे उतरणारा काळ्या दगडाचा घाट, घाटावर देवळं. इतिहासाची आवड असणाऱ्यांना 'मेणवली दप्तर' माहीत असेल. पेशवाईच्या कारभाराचे हजारो कागद याच वाड्यातले. म्हणजे कागदाचं मोल गावाला जुनंच!

घाटावर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच पायऱ्यांवर उतरायला लागलं होतं. चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, काळ्या पायऱ्या, आणि जिथे पाणी सांडलेलं होतं तिथे त्याच काळ्या पायऱ्या चक्क पांढऱ्या चमकत होत्या. पाण्यावर चांदीचा चुरा पसरावा तसं ऊन. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर एक आजी. शेजारी कपड्यांनी भरलेली बादली आणि हातात आपटायला उचललेलं पांढरं धोतर. ते धोतर वर गेलं की त्याच्यावर ऊन पडायचं, आणि सगळ्या घाटात तेवढीच एक जागा पेटल्यासारखी दिसायची.

माझा विषय ठरला. धोतर!

चित्र पहिलं: गेलं ते गेलं

पॅड उघडलं, पेन्सिलनं घाट टाकला, मोठा ब्रश पाण्यात बुडवला आणि झोकात वॉश मारला. आकाश, झाडं, पायऱ्या, पाणी... एका दमात. सॉलिड वाटत होतं. पाच मिनिटांनी लक्षात आलं, की धोतराच्या जागी मस्त राखाडी रंग बसलाय.

मागे उभे असलेले सर शांतपणे म्हणाले, "धोतर कुठे गेलं गं?"

"नंतर करते ना, सर."

"नंतर? कशानं?"

इथे थोडा फंडा समजून घेऊ. पोस्टर कलर अपारदर्शक असतो. खाली काहीही असो, वरचा थर ते झाकून टाकतो. म्हणून तिथे चूक झाली की वरून पांढरा फासला, काम झालं. जलरंग पारदर्शक असतो. ऊन रंगाच्या पातळ थरातून आरपार जातं, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतं आणि रंगातून परत आपल्या डोळ्यांपर्यंत येतं. म्हणजे चित्रातला उजेड रंगात नसतोच, तो खालच्या कागदात असतो. रंग म्हणजे दिव्यावर लावलेला झिरझिरीत कागद. एक थर लावला की दिवा मंद. दोन थर, अजून मंद. आणि एकदा मंद केलेला दिवा वरून काहीही लावून पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

म्हणूनच जलरंगात सगळं उलट्या क्रमानं चालतं. आधी फिकं, मग गडद. आणि सगळ्यात आधी, ब्रश ओला करण्याच्याही आधी, ठरवायचं की पांढरं कुठे राहणार. आपल्याकडे डेडलाइनच्या दिवशी सगळं 'नंतर बघू' म्हणून ढकलायची सवय. इथे 'नंतर' नावाची सोयच नाही!

पांढरं ओळखा पाहू

पहिलं चित्र बाजूला ठेवलं. सरांनी सगळ्यांना पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "आता रंगवू नका. नुसतं बघा. डोळे किलकिले करून बघा."

डोळे अर्धे मिटले की बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि फक्त उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. मग लक्षात येतं, की आपण ज्याला पांढरं म्हणतो ते बहुतेक वेळा पांढरं नसतंच. समोरून गांधी टोपी घातलेले एक आजोबा उतरत होते. मी म्हटलं, टोपी पांढरी. सर म्हणाले, नीट बघ. टोपीची उन्हाकडची कड खरंच पांढरी होती. बाकीची टोपी सावलीत होती, आणि सावलीतलं पांढरं चक्क निळसर-राखाडी होतं. धोतराचंही तेच. घड्यांमध्ये निळसर, पायरीजवळ किंचित पिवळट, आणि फक्त वरच्या दोन घड्यांवर शुद्ध पांढरं.

"अख्खं धोतर कोरं सोडलंस तर ते कापलेल्या कागदासारखं चपटं दिसेल," सर म्हणाले. "आणि सगळं रंगवलंस तर ऊन मरेल. त्या दोन घड्या शोध. तेवढंच तुझं पांढरं."

मग आम्ही काड्यापेटीएवढ्या चौकोनात पेन्सिलची छोटी रेखाटनं केली. फक्त तीन छटा: पांढरा, मधला, काळा. एकेक रेखाटन दोन मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांत चित्रातली पांढऱ्याची जागा पक्की होते. आमच्यातला एक आयटीवाला म्हणाला, "सर, हे म्हणजे कोडिंगच्या आधी डिझाइन डॉक्युमेंट!" सरांना काही कळलं नाही, पण ते हसले.

युक्त्यांचं पोतडं

यानंतर तासभर सरांनी घाटावरच्या एकेका गोष्टीसाठी एकेक युक्ती करून दाखवली. जलरंगाला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची ही यादी आहे.

पाण्यावरची चमचम: ड्राय ब्रश. खरखरीत कागद घ्यायचा. ब्रशमध्ये रंग घट्ट, पाणी अगदी कमी. ब्रश आडवा धरून कागदावरून झर्रकन फिरवायचा. रंग कागदाच्या उंचवट्यांना लागतो, खळगे कोरे राहतात. हेच कोरे ठिपके म्हणजे पाण्यावरचं ऊन! वेग महत्त्वाचा. हळू गेलात की खळगे भरले आणि चमचम संपली. गुळगुळीत कागदावर मात्र हा खेळ जमत नाही.

ओल्या पायऱ्या: मेणबत्ती. लहानपणी मेणबत्तीनं अदृश्य अक्षरं लिहून वरून रंग फिरवायचा खेळ आपण सगळेच खेळलोय. तेच इथे. पांढरी मेणबत्ती कागदावर घासायची, वरून रंग. मेणावर पाणी ठरत नाही, पायरीचा खडबडीत उजेड आपसूक येतो. फक्त एक लक्षात ठेवा. मेण लागलं की लागलं, ते निघत नाही. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटच्या जलरंगांतही मेणाचा असा वापर सापडतो. म्हणजे आपण लहानपणी भारीच काहीतरी करत होतो की!

देवळामागचा धूर आणि धुकं: उचलणं. रंग ओला असतानाच कोरडा टिश्यू पेपर टेकवायचा, किंवा पिळून कोरडा केलेला ब्रश फिरवायचा. तो रंग पिऊन घेतो. कडा मऊ येतात, म्हणून ढग, धूर, धुकं यांना एकदम झकास. रंग सुकला असेल तर ओलसर ताठ ब्रशनं हळूच घासायचं आणि टिपायचं. पण असं उचललेलं पांढरं कोऱ्या कागदाइतकं पांढरं कधीच होत नाही. शिवाय सगळे रंग सारखे नसतात. थॅलो ब्लू, अलिझरीन क्रिमसन असले रंग कागदात मुरून डाग पाडतात. कोबाल्ट ब्लू, बर्न्ट सिएना बऱ्यापैकी सुटतात. थोडक्यात, ट्यूब घेताना नुसती छटा बघू नका, स्वभावही विचारा.

धोतरातून उडणारे तुषार: ब्लेड. चित्र पूर्ण सुकल्यावर ब्लेडच्या टोकानं बारीक खरवडायचं. वरचा रंगीत थर निघतो, आतला पांढरा कागद दिसतो. गवताचं पातं, वायर, पाण्याचे थेंब, सगळ्यांना हे चालतं. कागद मात्र जाड हवा, नाहीतर भोक! आणि हे सगळ्यात शेवटी करायचं. खरवडलेल्या जागेवर पुन्हा रंग गेला तर तिथला कागद तो अधाशासारखा पितो आणि पांढऱ्याच्या जागी काळा डाग पडतो. इंग्लंडचा टर्नर तर या कामासाठी अंगठ्याचं नख वाढवून ठेवायचा असं सांगतात.

चित्र दुसरं: मास्किंग फ्लुइडचा प्रताप

एवढं सगळं ऐकून मी काय केलं? अर्थातच शॉर्टकट शोधला. पिशवीत मास्किंग फ्लुइडची नवीकोरी बाटली होती. अमोनियाच्या वासाचं हे रबरी द्रव्य. जिथे पांढरं हवं तिथे लावायचं, वाळलं की त्याची पातळ रबरी कातडी होते. वरून बिनधास्त रंगवा. शेवटी बोटानं घासून काढलं की खालचा कागद जसाच्या तसा. विचार करायलाच नको. आपल्याला हेच तर हवं असतं!

नियम मला माहीत होते. जुना ब्रश वापरायचा, तोही आधी साबणात बुडवून, नाहीतर रबर केसांत अडकून ब्रश कायमचा कामातून जातो. फ्लुइड कोरड्या कागदावरच लावायचं. ते उन्हात तापू द्यायचं नाही, फार वेळ ठेवायचं नाही. आणि कागद खडखडीत वाळल्याशिवाय काढायचं नाही.

मी धोतराच्या दोन घड्यांवर फ्लुइड लावलं, पॅड उन्हात ठेवलं आणि चहा प्यायला गेले. परत येऊन भराभर रंगवलं. छान झालं होतं. मग आजींची बादली दिसली. ती निम्मी झाली होती. घाई झाली. कागद अजून ओलसर असतानाच मी बोटानं फ्लुइड घासायला लागले. उन्हात तापलेलं ते रबर कागदाला घट्ट धरून बसलेलं. निघालं एकदाचं, पण कागदाची साल घेऊन निघालं! धोतराच्या जागी लव उठलेलं एक ठिगळ.

बँकवाले काका मागून म्हणाले, "धोतर फाटलं वाटतं."

पांढरा लावला तर पाप?

दुसरं चित्रही गेलं म्हणून मी जरा फणकाऱ्यानं उठले आणि घंटा बघायला गेले. मेणवलीच्या घाटावर एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगीजांची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेनंतर घंटा इकडे आली. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची प्रतिमाही. शंकराच्या दारात मेरी! सावलीत टांगलेल्या त्या घंटेच्या कडेवर उजेडाचा एकच टिपका होता. तांदळाएवढा. पायरीवरच्या उजेडाची कड पसरट, मऊ असते. धातूवरची चकाकी मात्र अशीच बारीक आणि धारदार.

"एवढासा टिपका कोरा कसा सोडणार, सर?" मी विचारलं. "यापेक्षा वरून पांढरा ठिपका दिला तर?"

मला वाटलं, ओरडा बसणार. सर म्हणाले, "दे की."

मग त्यांनी सांगितलं ते इंटरेस्टिंग होतं. आपल्याकडच्या लघुचित्रांत पांढरा हा नेहमीच एक रंग होता. अपारदर्शक, हातानं लावायचा. मोत्यांची माळसुद्धा पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यांनी उमटायची. पांढरं म्हणजे कोरा कागद, हा हट्ट इंग्रजी जलरंगाचा. तो पुढे आपल्या आर्ट स्कूलांमधून इथे रुजला. मुंबईचं जे. जे. सुरू झालं १८५७ साली. पण खुद्द इंग्रजांनीही तो हट्ट पुरता पाळला नाही. विन्सर अँड न्यूटननं १८३४ साली जस्ताच्या भस्माचा 'चायनीज व्हाइट' बाजारात आणला आणि तिथल्या चित्रकारांनी तो वापरलाच. आजही पारदर्शक जलरंगाच्या काही स्पर्धांत असा पांढरा चालत नाही, तर काही चित्रकार तो बिनदिक्कत लावतात.

"मग तुम्ही ट्यूब घरी का ठेवायला लावलीत?"

"कारण ट्यूब जवळ असली की तुम्ही आधी विचार करत नाही. पांढरा गुआश वाईट नाही. घंटेवरचा टिपका, दोरीची एक रेघ, पक्ष्याचा पंख, एवढ्यापुरता शेवटी लाव. पण अख्खं ऊन त्याच्यानं करायला गेलीस तर ते खडूसारखं दिसतं. वर चिकटवल्यासारखं. कागदाचं पांढरं आतून येतं."

आतून येणारा उजेड म्हणजे काय, हे बघायचं तर सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा. हातात समई घेतलेली तरुणी, ज्योतीवर धरलेला तळवा आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. कित्येकांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं, आणि त्याहून जास्त जणांना तेलरंगातलं. खरं तर ते सावंतवाडीत जन्मलेल्या आपल्या हळदणकरांचं आहे आणि चक्क जलरंगातलं आहे. मॉडेल होती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. चारी बाजूंनी अंधार चढवत नेला आहे, म्हणून ती एवढीशी ज्योत सगळा चेहरा उजळताना दिसते.

चित्र तिसरं: बादलीत दोनच कपडे

घाटावर परत आले तेव्हा दहा वाजत आले होते. ऊन कोवळं राहिलं नव्हतं. सावल्या आखडल्या होत्या. आणि आजींच्या बादलीत दोनच कपडे उरले होते. ते धोतर बाजूच्या दगडावर पिळून ठेवलं होतं.

पॅडमधला शेवटचा चांगला कागद काढला. या वेळी आधी दोन मिनिटांचं ते काड्यापेटीएवढं रेखाटन. मग कागदावर धोतराच्या दोन घड्यांभोवती पेन्सिलची अगदी पुसट रेघ. मग ब्रश. आकाशाचा वॉश खाली आणताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू! ब्रश त्या रेघेपाशी येतोय, पाणी ओघळतंय, थांब, थांब... थांबला. बाजूनं वळवला. धोतर कोरं राहिलं.

पण गंमत बघा. एवढं जपून सोडलेलं पांढरं काही केल्या पांढरं दिसेना! नुसता न रंगवलेला कागद वाटत होता. शेजारी फिका निळा, वर फिका पिवळा, मध्ये कोरा. म्हणजे मी रंगवायचंच विसरले असं कुणालाही वाटावं.

सर तेव्हा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "पांढऱ्याला शेजारी नाही दिलास अजून. मागची पायरी काळी कर."

मी मागच्या पायरीसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कालवून गडद राखाडी केला. लावला. "अजून काळी. सुकल्यावर रंग फिका होतो." अजून लावला. ब्रशच्या टोकानं धोतराची कड त्या काळ्यातून कापत नेली... आणि धोतर एकदम पेटलं. पांढऱ्याला मी हातसुद्धा लावला नव्हता. जे काही केलं होतं ते त्याच्या शेजारी केलं होतं.

घड्यांमध्ये सावलीचा निळसर राखाडी भरला. पाण्यावर ड्राय ब्रश झर्रकन ओढला. ब्रश खाली ठेवला तेव्हा शर्टच्या बाहीला निळा रंग लागला होता आणि आजी बादली कंबरेवर घेऊन पायऱ्या चढत होत्या. माझ्याजवळ आल्यावर थांबल्या.

"काय काडलंस, बगू दे की."

मी पॅड पुढे केलं. आजींनी ते जवळून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"आन् आमचं धोतार रंगवायचं ऱ्हायलं की! रंग संपला व्हय?"

"नाही आजी. तुम्ही एवढं स्वच्छ धुतलंत, मग मी कशाला रंग लावू?"

आजी तोंडाला पदर लावून हसल्या. "आन् दगूड ह्यो एवढा काळा कशापायी?"

"धोतर पांढरं दिसावं म्हणून."

त्यांनी पॅड हातभर लांब धरलं. जरा वेळ बघत राहिल्या. "व्हय. ऊन पडल्यालं दिसतंय," म्हणाल्या आणि बादली सावरत निघून गेल्या.

चित्र काही ग्रेट नाही. देऊळ थोडं वाकडं झालंय, झाडाचा हिरवा जरा मातकट झालाय. पण ऊन आहे. सध्या ते माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. आणि हो, पाण्यावरचा एक पट्टाही मी कोरा ठेवलाय. कापायचे तर कापा मार्क!

वीकेण्ड गाइड

कसं जाल: पुण्याहून वाईला स्वारगेटवरून एसटी मिळते. वाईतून मेणवलीला रिक्षा करता येईल. स्वतःची गाडी असेल तर पुणे-सातारा हायवेनं सुरूर फाटा, तिथून वाई. खासगी वाडा आतून बघायचा असेल तर आधी चौकशी करा. घाटासाठी पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस छान, आणि सकाळची वेळ सगळ्यात उत्तम.

काय न्याल: ३०० जीएसएमचा खरखरीत जलरंगाचा कागद (यात काटकसर नको. पातळ कागद पाण्यानं वाकतो आणि खरवडणं, उचलणं दोन्ही सोसत नाही), सहा-सात ट्यूब, एक मोठा आणि एक टोकदार ब्रश, मेणबत्तीचा तुकडा, ब्लेड, टिश्यू पेपर, पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी. मास्किंग फ्लुइड न्या, पण धीरही न्या!

काय कराल: आधी डोळे किलकिले करून पांढरं शोधा. एका चित्रात पांढऱ्याच्या मोजक्याच जागा ठेवा. त्यांच्या शेजारी चित्रातला सगळ्यात गडद रंग येऊ द्या. गुआशचा ठिपका शेवटी, गरज असेल तरच.

काय करू नका: रंगाचं पाणी नदीत ओतू नका. आणि घाटावर कपडे धुणाऱ्या कुणाचा फोटो न विचारता काढू नका. चित्र काढलंत तर मात्र दाखवून या.